‘दार उघडलं’: कवितेतल्या ‘मेनेस’ला मराठीत काय म्हणाल?

कवितांवर लिहिताना ‘मेनेस’ (menace) हा इंग्रजी शब्द सारखा आडवा येतो. ‘धमकी’ म्हणावं तर ती तोंडावर दिलेली असते, ‘दहशत’ म्हटलं की बातमी वाचल्यासारखं वाटतं. कवितेत अजून काहीच घडलेलं नसतं, तरी पोटात गोळा येतो. त्याला मराठीत शब्द आहे का?

– आहे की, धास्ती. धसका घडून गेलेल्या गोष्टीचा बसतो, धास्ती न घडलेल्या गोष्टीची वाटते. पण ती वाचकाच्या मनात. कवितेच्या अंगाने बोलायचं तर मी ‘सावट’ म्हणेन. सावट म्हणजे मुळात सावलीच. ती पडलेली दिसते, कशाची ते दिसलंच पाहिजे असं नाही. धाक, वचक, दरारा इथे चालणार नाहीत, त्यांना समोर माणूस लागतो.

– मग संस्कृत काव्यशास्त्रातला ‘भयानक रस’ सरळ का नको?

– कारण त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून असलेली भावना, भय, आणि तुम्हाला हवं आहे ते भयाच्या अलीकडचं. नाट्यशास्त्रातल्या 33 व्यभिचारी भावांत (येऊन-जाऊन असणाऱ्या भावनांत) ‘शंका’ आणि ‘त्रास’ असे दोन आहेत. त्रास म्हणजे तिथे एकाएकी दचकणं. (आपण तो शब्द डासांवर आणि गुडघ्यांवर खर्च करून टाकला.) दोघांत शंका अधिक जवळची, पण आज ‘कवितेतली शंका’ म्हटलं तर लोक हात वर करतील.

आता कवी हे साधतो कसं? कठोर वर्ण आणि जोडाक्षरं वापरून, असं उत्तर बरेचदा मिळतं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ती ओजोगुणाची, म्हणजे रचनेतल्या जोमाची, सामग्री म्हणून सांगितली आहे. रौद्र रसाला, म्हणजे क्रोधाला, ती ठीक. कडकडाटाने माणूस दचकतो, धास्तावत नाही.

मला वाटतं, खरी करामत क्रियापदात असते. ‘त्याने दार उघडलं’ यात भीती नाही, तो कोण ते कळलं की संपलं. नुसतं ‘दार उघडलं’ म्हणा. आपोआप उघडलं, की कुणी उघडलं? मराठीत दोन्ही अर्थांना रूप एकच, आणि कवीला खुलासा करायची गरज नाही. ‘अंधारून आलं’ला तर कर्ताच नाही. मर्ढेकरांची पिपातल्या उंदरांची कविता पाहा (‘काही कविता’, 1947). माना ‘पडल्या’ आहेत, आणि त्याही मुरगळल्याविण. मारणारा दिसत नाही एवढंच नाही, तो नव्हताच असं बजावलंय. मग मेले कशाने?

– आणि गोड बोलणं? इंग्रज कवी ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’ या कवितेत (1842) ड्यूक पाहुण्याला बायकोचं चित्र दाखवत किती अदबीने बोलतो! आपण हुकूम दिले आणि तिचं हसणं थांबलं, एवढंच सांगतो आणि पुढच्या लग्नाच्या हुंड्याकडे वळतो.

– बरोबर. तिथे कर्ता समोर उभा आहे, गाळलंय ते कृत्य. मराठीत हे काम ‘अहो-जाहो’ फार छान करतं. ‘ये, बस’ यात काही नाही. ‘या, बसा. घाई नाही ना?’ हे रात्री कुणी अनोळखी माणसाने म्हटलं तर मी बसणार नाही.

– मग लेखात ‘सावट’ लिहितो. ‘धास्ती’ वाचकासाठी ठेवतो.