छोटी जपानी खानावळ, ताटभर भाज्या : तुमचे अनुभव लिहा

क्योटोला येऊन मला पाच वर्षं झाली. पहिल्याच नोव्हेंबरात घराजवळच्या गल्लीतल्या एका दुकानाचा नोरेन, म्हणजे दारावरचा निळा कापडी पडदा, बाजूला सारून आत गेले. आठ खुर्च्या, लाकडी फळी आणि फळीवर ओळीने मांडलेले सात मोठे मातीचे वाडगे. एकात गोबोची मुळं आणि गाजर काडीसारखं चिरून तिळाच्या तेलावर परतलेलं, एकात हिजिकी नावाची काळी समुद्री भाजी, एकात मिझुनाचा पाला तळलेल्या तोफूबरोबर, एकात सालासकट शिजवलेला काबोचा भोपळा. याला इथे ओबानझाई म्हणतात, क्योटोच्या घरातला रोजचा स्वयंपाक.

मालकीणबाई सत्तरीच्या, सगळे त्यांना ओकामी-सान म्हणतात. मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "निकु मो साकाना मो ताबेमासेन." मांस खात नाही, मासेही खात नाही. त्यांनी वाडग्यांवरून एकदा नजर फिरवली आणि चार वाडगे उचलून पलीकडे ठेवले. त्यांत माशाचा अर्क होता. उरलेल्या तिन्हींतून वाढलं आणि आत जाऊन, कोन्बु हे समुद्री शेवाळ भिजवलेलं पाणी काढून, एकटीसाठी मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं सूप केलं. काबोचा आपल्या लाल भोपळ्यासारखा पाणचट नसतो, उकडलेल्या रताळ्यासारखा पिठूळ लागतो. पण त्या रात्री चवीपेक्षा ते चार वाडगे बाजूला होणंच लक्षात राहिलं. घरी चालत येताना रडू आलं.

जपानमध्ये अशा लहानशा, भाजीला मान देणाऱ्या जागी तुम्ही जेवला असाल तर सविस्तर लिहा. काय खाल्लं, कसं मागितलं, काय आवडलं नाही, सगळंच.

*

तोक्योत निशिकासाईला राहतो. घरी पंढरीची वारी, गळ्यात तुळशीची माळ. आल्यावर दोन महिने ऑफिसजवळच्या एका खानावळीत रोज दुपारी भाज्यांचं तेइशोकु खात होतो: भात, सूप, तीन भाज्या, लोणचं. एक दिवस सोबतच्या जपानी सहकाऱ्याने सहज सांगितलं की सूपच नव्हे, शिजवलेल्या पालकावरही कात्सुओबुशी आहे. बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्याने तासून त्याची साल काढतात. त्या सालीचं पाणी म्हणजे दाशी. मी त्या दिवशी जेवू शकलो नाही. घरी फोन करून वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "नकळत झालं बाळा, पण आता विचारून खा."

खानावळीवर माझा राग नाही. इथल्या बहुतेकांना दाशी हा मासा वाटतच नाही, आपल्याला फोडणीतलं तेल वेगळा पदार्थ वाटत नाही तसं. म्हणून "शाकाहारी आहे का" हा प्रश्न पुरत नाही. "कोन्बु-दाशी देस का?" म्हणजे दाशी माशाऐवजी कोन्बुची आहे का, असं नेमकं विचारा. आणि आदल्या दिवशी फोन करा, कारण दाशी सकाळीच करून ठेवलेली असते, ऐन वेळी वगळता येत नाही. कोन्बुच्या दाशीने चव कमी होते असं अजिबात नाही. उमामी म्हणतात ती चव किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांना 1908 मध्ये सापडली ती कोन्बुमध्येच.

आता दर शुक्रवारी जिथे जातो तिथे दहा जणांची जागा आहे. मी दिसलो की मालक काही न विचारता कोन्बुचं भांडं चुलीवर चढवतात.

*

आईला घेऊन कोयासानला गेले होते, ऑगस्टमध्ये. कूकाई या बौद्ध भिक्षूंनी 816 साली वसवलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव. तिथल्या बऱ्याच मठांत पाहुण्यांना राहता येतं. ओसाकाच्या उकाड्यातून वर गेलं की बॅगेतला स्वेटर अंगात घालावासा वाटतो. संध्याकाळी साडेपाचला जेवण, तातामी चटयांवर बसून, समोर बुटके लाखेचे चौरंग. सगळं शोजिन र्‍योरी: मांस-मासे नाहीत, कांदा, लसूण, पातही नाही, दाशी कोन्बु आणि वाळवलेल्या शिइताके अळंबीची.

आईचा चातुर्मास चालू होता. निघायच्या आधी तिने पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि मेतकूट भरून घेतलं होतं, परदेशात काय मिळणार म्हणून. पहिल्या ताटानंतर ती पिशवी उघडलीच नाही. तिला सर्वांत आवडलं ते गोमा-दोफू. नावात तोफू असला तरी त्यात सोयाबीन नाही. तीळ वाटून, गाळून, त्यात कुझूच्या मुळाचं सत्त्व घालून मंद आचेवर घोटतात. वाढणाऱ्या तरुण भिक्षूला आईने हातानेच घोटून दाखवून विचारलं, असं का? तो जोरजोरात मान हलवायला लागला. मग मला म्हणाली, "गव्हाच्या चिकासारखं आहे गं, हात थांबला की गुठळी." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि पाच मिनिटं त्यांचं स्वयंपाकावर बोलणं चाललं होतं.

*

मी मूळचा कोल्हापूरचा. खरं सांगायचं तर पहिल्यांदा अशा जागी जेवलो तेव्हा घरी जाऊन पुन्हा जेवलो. उकडलेला मुळा, त्यावर चमचाभर मिसो, एवढंच. तिखट नाही, फोडणी नाही, चावायला भाकरी नाही. बायकोला आवडायचं म्हणून पुन्हा जात राहिलो. चौथ्या-पाचव्या वेळी, जानेवारीत, तोच मुळा तोंडात घातला आणि तो गोड लागला. साखर नव्हती, मुळाच गोड होता, थंडीतला. इतकी वर्षं मुळा खाल्ला, पण त्याची स्वतःची चव त्या दिवशी कळली. तांबड्या रश्श्यावरचं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही, पण हिवाळ्यात आता मीच बायकोला म्हणतो, चल, मुळा खायला जाऊ.

*

कोकणातल्यांनी जपानी भाज्यांना परकं समजू नये. सातोइमो म्हणजे आपली अळकुडी. थोडी लहान, जास्त बुळबुळीत, सोया सॉस आणि मिरिन या तांदळाच्या गोड मद्यात मुरवलेली. झुइकी म्हणजे अळूचे देठ. माझी आजी देठी करायची, दही घालून. नारामधल्या एका घरगुती जागी बाईंनी तेच देठ सोलून, उकडून, व्हिनेगरमध्ये घालून दिले, आणि मी वाटी हातात धरून बसून राहिले. कोन्याकु हा राखाडी, रबरासारखा पदार्थ पाहून नाक मुरडू नका, तो सुरणाच्या भाऊबंदाचा कंद आहे, सुरणासारखाच खाजरा. चुनकळीच्या पाण्याने त्याची वडी बांधतात. खाजेवर आपण चिंच-आमसूल शोधलं, त्यांनी चुना.

आणि सान्शो! भाजलेल्या वांग्यावर हिरवट पूड भुरभुरून आली, जिभेला मुंग्या आल्या, आणि मी मोठ्याने म्हटलं, "तिरफळ!" सोबतच्या कुणालाच कळेना. नंतर पाहिलं तर खरंच एकाच कुळातली झाडं आहेत. आमच्याकडे तिरफळ बांगड्याच्या आमटीत जातं, वांग्यावर घालायचं सुचलंच नव्हतं. या मे महिन्यात गावी गेल्यावर घातलं. वडिलांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

*

एक सूचना, काळजीपोटी. भाज्या आहेत म्हणजे पथ्याचं आहे असं धरून चालू नका. मिसो, सोया सॉस, लोणची, उमेबोशी (खारवलेली आंबट उमे फळं), सगळ्यांत मीठ भरपूर. माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. आठवडाभर ते सूप शेवटच्या थेंबापर्यंत पीत होते, पायावर सूज आली. डॉक्टरांनी सूप आणि लोणचं अर्ध्यावर आणायला सांगितलं, बाकी जेवण तसंच ठेवलं. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्ष ठेवा.

*

कामाकुराला गेलात तर केनचिन-जिरू नक्की खा. मुळा, गाजर, गोबो, अळकुडी, कोन्याकु तिळाच्या तेलावर परतून केलेलं सूप, आणि त्यात हाताने कुस्करलेला तोफू. 1253 साली स्थापन झालेल्या केनचो-जी मठातून ते आलं असं सांगतात, नावही त्यावरूनच पडलं म्हणे. मी पावसात चिंब भिजून एका सहा खुर्च्यांच्या दुकानात शिरलो होतो. वाडगा दोन्ही हातांत धरला, बोटं सुटी झाली. मठातली पद्धत कोन्बु-शिइताकेची, पण बाहेर काही ठिकाणी बोनिटोची दाशी घालतात. वर माळकरी दादांनी सांगितलेलं वाक्य तिथेही विचारा.

*

पुण्याहून. जपानी शिकते आहे, अजून जपानला गेलेले नाही. वर्गातल्या सेन्सेईंनी एकदा घरी बोलावून जेवू घातलं, तेव्हापासून गोमा-आए दर आठवड्याला करते. फरसबी हिरवीगार राहील इतपतच उकडायची, तीळ भाजून खलबत्त्यात अर्धवट कुटायचे, सोया सॉस आणि किंचित साखर, बस. तीळ वाटून गुळगुळीत केले तर चटणी होते, मजा जाते. धागाकर्त्या ताईंना प्रश्न: नुकाझुके, तांदळाच्या कोंड्यातलं लोणचं, इथे जमेल का? आमच्या गिरणीत कोंडा मिळतो.

*

पुण्याच्या मैत्रिणीला, जमेल. कोंडा ताजा हवा, जुना झाला की खवट वास येतो. त्यात मीठ, पाणी, कोन्बुचा तुकडा, सुकी मिरची. सुरुवातीला कोबीची बाहेरची पानं पुरायची आणि काढून टाकायची, आठ-दहा दिवस. मग खरी भाजी. रोज एकदा तळापर्यंत हात घालून कालवायचं, पुण्याच्या उन्हाळ्यात दोनदा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायचं.

माझा नुका, म्हणजे हा कालवलेला कोंडा, असा शून्यापासून सुरू झालेला नाही. ओकामी-साननी गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दुकान आठवड्यातून तीनच दिवस उघडायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी आपल्या मडक्यातला मूठभर नुका डब्यात घालून मला दिला. तो त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. आत्ता त्यात एक सलगम पुरलेला आहे. थंडी आहे, मुरायला वेळ लागेल. उद्या संध्याकाळी काढून दोन फोडी त्यांना चाखायला नेणार आहे.