काचेवरचे पांढरे ओघळ
वर्तमानपत्राने घासूनही खिडकीच्या काचेवर पांढरे ओघळ उरतात, या तक्रारीत दोष बहुधा हाताचा नसून पाण्याचा असतो, असे माझे मत आहे. पुण्याच्या उपनगरांत अनेक सोसायट्यांना बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी मिळते. ते काचेवर सुकले की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तिथेच राहतात, आणि साबण लावावा तर तोही या क्षारांशी मिळून चिकट थर धरतो. म्हणून आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकावी (ओली धूळ म्हणजे निव्वळ चिखल), जुने डाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून भिजवावेत, आणि शेवटचा हात एसीतून ठिबकणाऱ्या, गाळून घेतलेल्या पाण्याचा द्यावा, कारण ते हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. रबरी वायपर वरून खाली ओढताना दर वेळी त्याची कड पुसावी; खालच्या पट्टीशी साचलेले पाणी टिपले नाही, तर तिथूनच नवा ओघळ सुटतो. उन्हाने तापलेल्या काचेला हात लावूच नये. चौकट संगमरवराची किंवा कडप्प्याची असल्यास मात्र व्हिनेगरचा थेंबही तिच्यावर पडू देऊ नये. आम्लाने त्या दगडाची चकाकी कायमची जाते.