पॅसिव्ह परसेप्शन २० असलेल्या पार्टीसमोर ट्रॅप ठेवायचा कसा?

बर्डीवाला डीएम
नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण दर रविवारी धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत खेळतो, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन फासे टाकत खेळायचा खेळ) फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. अडलंय ते ट्रॅपवर, म्हणजे लपवलेल्या सापळ्यांवर. पार्टीतल्या, म्हणजे आमच्या गटातल्या, ड्रुइडचं (निसर्गाची जादू करणारं कॅरेक्टर) विज्डम १६ (+३), परसेप्शनमध्ये, म्हणजे आजूबाजूचं टिपण्यात, प्रोफिशियंट (+२) आणि वरून ऑब्झर्व्हंट नावाचं फीट, म्हणजे निवडून घेतलेलं खास कौशल्य (+५). १० + ३ + २ + ५, फासा न टाकता धरायचं पॅसिव्ह सरळ २०. पुस्तकातल्या विषारी बाणांच्या ट्रॅपचा डीसी (गाठायचा आकडा) १५, मग मी खोलीचं वर्णन सुरू करायच्या आधीच त्याला दिसलेला असतो. आणि बाकीचे पोट्टे प्रत्येक दारापाशी, प्रत्येक वळणावर "मी ट्रॅप शोधतो" म्हणून डाइस टाकून राहिले, मागच्या रविवारी एका कॉरिडॉरला पाऊण तास गेला. शेवटी मी मनातल्या मनात डीसी २३ केला. ट्रॅप रोगच्या (चोरट्या कामांत तरबेज कॅरेक्टर) अंगावर फुटला, ड्रुइड काही बोलला नाही पण त्याने ते फीट विचार करून घेतलं होतं आणि मी ते वाया घालवलं, तेव्हापासून मला चैन नाही. नियम नेमका काय आहे, आणि तुम्ही टेबलवर काय करता?

जुना फासा
डीसी वाढवू नको भाऊ. आधी उजेड बघ. मशालीचा लख्ख उजेड २० फूट, पुढचे २० फूट अंधुक, आणि अंधुक उजेडात डोळ्यांनी बघायच्या परसेप्शनला डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा), पॅसिव्हमध्ये त्याचे सरळ ५ कमी. डार्कव्हिजनवाल्यांना (ज्यांच्या कॅरेक्टरला अंधारातही दिसतं) वाटतं आपल्याला सगळं दिसतं, पण पूर्ण अंधार त्यांना अंधुक उजेडासारखाच, तिथेपण ५ गेले. पार्टी घाईने चालून राहिली असेल तरी ५ कमी. आणखी एक, जो नकाशा काढतो किंवा माग काढतो त्याचं पॅसिव्ह परसेप्शन धोका दिसायला धरतच नाहीत, त्याचं लक्ष दुसरीकडे आहे.

बर्डीवाला डीएम
थांबा, आमचा नकाशा तर ड्रुइडच काढतो!

जुना फासा
टेबलवर कागदावर खेळाडू काढतो की त्याचं कॅरेक्टर काढतं? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेशनच्या आधी सगळ्यांना विचार, पुढे कोण, मशाल कोणाकडे, नकाशा कोणाकडे, आणि लिहून ठेव. ट्रॅप आल्यावर ठरवलं तर ते पुन्हा डीसी २३ केल्यासारखंच.

ऑरेंज गोब्लिन
मला वाटतं तुम्ही दोघं चुकीच्या टोकाकडून बघताय. २० आहे तर दिसू द्या नं त्याला! दिसलं म्हणजे संपलं असं कोणी सांगितलं? तोच बाणांचा ट्रॅप नीट वाचा. परसेप्शन डीसी १५ ने काय दिसतं, तर भिंतीतली धूळ-जाळ्यांनी झाकलेली बारीक भोकं, बस. जमिनीतला दाबाचा दगड ओळखायला वेगळं इन्व्हेस्टिगेशन आहे, डीसी १५, तिथला चुना आणि दगड आजूबाजूच्या फरशीपेक्षा वेगळा आहे हे ताडावं लागतं. ऑब्झर्व्हंट पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशनलाही ५ देतं, पण ते इंटेलिजन्सवर चालतं आणि ड्रुइडची इंटेलिजन्स साधारणच असते, तेव्हा तो आकडा आधी पाहून घ्या. आणि २० पाउंडांपेक्षा जास्त, म्हणजे साधारण ९ किलोच्या वर वजन पडलं तरच बाण सुटतात. मी ड्रुइडच्या खेळाडूकडे बघून सांगते, "तुला भिंतीत भोकं दिसून राहिली, बोटाएवढीही नाहीत, आता काय करता?" आणि गप्प बसते. आमच्याकडे एकीने मेणबत्ती वितळवून भोकं बुजवली, मी रोल मागितलाच नाही, कारण मेणाने किंवा कापडाने भोकं बुजवली तर बाण सुटत नाहीत हे पुस्तकातच आहे. दगडाखाली लोखंडी खिळा ठोकला तरी चालतं. आमच्या टेबलवरचा सगळ्यात रंगलेला ट्रॅप तो होता आणि कोणाचा एक हिटपॉइंट (जीवाचा गुण) गेला नाही.

दहा फुटी काठी
पाऊण तासाचं उत्तर जुन्या नियमांत आहे. १९८१ च्या डी अँड डी बेसिकमध्ये ट्रॅप शोधायला प्रत्येकाला सहात एक संधी, ड्वार्फला सहात दोन, पण शोधायला एक टर्न जातो, म्हणजे खेळातली १० मिनिटं. दर दोन टर्नला डीएम भटक्या राक्षसासाठी फासा टाकतो आणि मशाल सहा टर्नमध्ये विझते. त्यामुळे लोक प्रत्येक दाराशी थांबत नाहीत, जिथे संशय आहे तिथेच थांबतात. मशाल फिफ्थ एडिशनमध्येही एकच तास जळते. शोधणं फुकट आहे म्हणून तुझे पोट्टे जिथेतिथे शोधतात, इतकंच.

सदरचा विझार्ड
पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या सेकंड एडिशनमध्ये हा प्रश्न वेगळाच सोडवलाय. खेळाडू एकदाच सांगतो की मी शोधत-शोधत चालतो, आणि धोका आला की परसेप्शनचा फासा जीएम (तिथला डीएम) लपवून टाकतो. फासा दिसतच नाही, त्यामुळे "कमी पडला, पुन्हा शोधू" हे बंद. फिफ्थमध्ये उचलायला काही हरकत नाही, फक्त टेबलला आधी सांगा.

बर्डीवाला डीएम
बाणांचा ट्रॅप पुन्हा वाचला, मी भोकं आणि दगड दोन्ही एकाच डीसीवर एका झटक्यात सांगून मोकळा होत होतो. ड्रुइडला आत्ताच फोन केला, डीसी बदलला होता हे सांगितलं. तो म्हणाला मला माहीत होतं. रोगचे गेलेले हिटपॉइंट परत देतोय, आणि रविवारी तोच कॉरिडॉर परतीच्या वाटेवर लागणार आहे, मशाल आता रोगकडे आहे आणि नकाशा फायटर काढणार म्हणतो. एक राहिलं @ऑरेंज गोब्लिन, भोकं बुजवायला साधारण किती वेळ धरता तुम्ही?

ऑरेंज गोब्लिन
मी १० मिनिटं धरते. मेण आधी वितळवावं लागतं नं.