२२ फुटी बोटीला आऊटरिगर: किती लांब, कुठे बसवायचे?

प्रश्न: फायबरची बोट, मधे कन्सोल (सुकाणूचा चौथरा), वर टी-टॉप (पाइपांच्या चौकटीवरचं छत). ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे गळ ओढत मासेमारी) चार लाइन सोडल्या की वळताना गुंता ठरलेला. म्हणून लाइन दोन्ही बाजूंना लांब धरणारे आऊटरिगरचे दांडे लावायचेत. किती लांब घ्यावेत? काठावर की टी-टॉपवर?

उत्तर १: १५ फूट पुरे. १८ फुटी दांडा लाटेत चाबकासारखा हलतो, सगळा ताण बुडाशी येतो. टी-टॉप हाताने जोरात हलवून बघा. डुगडुगला तर तिथला नाद सोडा.

उत्तर २: काठावर बसवताना आधी आतून हात पोहोचतो का ते पाहा; नट आवळणार कुठून? नुसत्या स्क्रूवर भागवू नका, उपटून येतात. ३१६ स्टेनलेसचे आरपार बोल्ट, खाली ६ मिमी अॅल्युमिनियमची प्लेट. फायबरच्या थरांत बाल्सा (हलकं लाकूड) असेल तर भोक मोठं पाडा, कडेचा बाल्सा खरवडा, घट्ट इपॉक्सी भरा, वाळल्यावर बोल्टच्या मापाने पुन्हा भोक पाडा. हे टाळलं की पाणी मुरतं, बाल्सा कुजतो, बेस डुलतो. सीलंट बोल्टच्या मानेभोवतीही लावा.

उत्तर ३: स्टेनलेस अॅल्युमिनियमला टेकतं तिथे अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर पांढरी पूड धरून बोल्ट अडकतो. आणि भोकं पाडण्याआधी दांडे उघडून-मिटवून अँटेनाला लागतात का ते बघा. हे हमखास विसरतात!

प्रश्नकर्ता: दांड्यावर लाइन धरणारी क्लिप किती घट्ट?

उत्तर २: रीलच्या ड्रॅगपेक्षा (ब्रेकपेक्षा) सैल. उलट झालं तर मासा लाइन ओढत राहतो, क्लिप सुटतच नाही.