मदत हवी आहे : चौघांचं काम, अकरा कारखाने, तीन व्हर्जन. गिटच्या ब्रँच कशा ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मिळून सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर चालवतो. सुताचा स्टॉक, मागावरून उतरलेला माल, कामगारांचा नगावर निघणारा पगार आणि जीएसटीची बिलं. कोडमधल्या बदलांची नोंद गिटमध्ये ठेवतो. दोघं इथे, एक पुण्यात, एक हैदराबादला. अकरा कारखाने वापरतात, बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले. सॉफ्टवेअर वेबवर नाही, प्रत्येकाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसवलेलं आहे. त्यामुळे सगळ्यांकडे एकच व्हर्जन कधी नसतंच. सध्या ३.२, ३.४ आणि ३.५ चालू आहेत. ३.२ वाले दोघे 'चालतंय ना, मग हात लावू नका' या पंथाचे.

आजवर आमची पद्धत म्हणजे पद्धत नसणं. एक मेन ब्रँच (कोडची मुख्य शाखा), ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा पुश (आपले बदल तिथे ढकलायचे), आणि इन्स्टॉलर माझ्या लॅपटॉपवर. ३.४ आणि ३.५ ला टॅग (कोडच्या त्या वेळच्या स्थितीवर लावलेली खूण) आहे. ३.२ ला नाही, तिचा इन्स्टॉलर तेवढा एका पेनड्राइव्हवर आहे. (हसू नका.)

सप्टेंबर २०२५ मध्ये हे अंगाशी आलं. ३ तारखेला जीएसटीचे नवे दर ठरले, २२ पासून लागू, म्हणजे ऐन घटस्थापनेला. आमच्या मालाला नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ होते, ते २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८ झाले. कोडमध्ये बदल दहा मिनिटांचा. पण मेनवर हैदराबादच्या मित्राचं पाळीनुसार पगाराचं अर्धवट काम येऊन पडलं होतं. मी घाईत तिथूनच इन्स्टॉलर काढला आणि सहा ठिकाणी बसवला. बिलं बरोबर निघाली. शनिवारी फोन : "काय ओ, पगार निम्माच दाखवायलंय की!"

मग ३.४ च्या टॅगवरून वेगळी ब्रँच काढून दुरुस्ती केली. तिथेच बिलाची रक्कम पूर्णांकात करतानाची एक जुनी चूकही सुधारली. ती मेनमध्ये न्यायची राहिली आणि पुढच्या ३.५ मध्ये तीच चूक परत. गिऱ्हाइकासमोर याच्याइतकं लाजिरवाणं काही नाही.

पुण्याचा मित्र म्हणतो गिट-फ्लो घेऊ, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कामाला ठरलेली ब्रँच : मास्टर, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती). मी ती पद्धत मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रिसेनचा २०१० चा मूळ लेख वाचला. त्यानेच २०२० मध्ये वर टीप जोडली आहे की सतत अपडेट होणाऱ्या वेब सॉफ्टवेअरला याहून साधी पद्धत घ्या. व्हर्जन देऊन विकायचं किंवा अनेक व्हर्जन सांभाळायची असतील तर हे अजून जमू शकेल. म्हणजे आम्ही त्यात बसतो. पण त्यातली हॉटफिक्स मास्टरवरून निघते, आणि मास्टर म्हणजे शेवटचं रिलीज. ३.२ ची दुरुस्ती कुठे करायची याचं उत्तर मला तिथे सापडलं नाही. हैदराबादवाला म्हणतो, सगळं मेनवरच ठेवू, अर्धवट काम फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद बटणामागे) लपवू. मला तेही पटतं, म्हणूनच अडलोय.

मुख्य प्रश्न एकच : दुरुस्ती आधी कुठे करायची, जुन्या व्हर्जनमध्ये की मेनमध्ये?

प्रतिसाद १

चौघांत डेव्हलप ब्रँच कशाला? मेन ठेवा आणि प्रत्येक चालू व्हर्जनला एक रिलीज ब्रँच. दुरुस्ती आधी मेनमध्ये, मग तिथून रिलीज ब्रँचवर चेरी-पिक (तेवढाच बदल उचलून आणायचा). लिनक्स कर्नलच्या स्टेबल शाखांचाही नियम हाच : दुरुस्ती आधी मुख्य झाडात (मुख्य कोडमध्ये) हवी. म्हणजे तुमची पूर्णांकाची चूक परत येण्याचा प्रश्नच मिटतो. चेरी-पिक करताना 'एक्स'चा पर्याय (-x) द्या, मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक संदेशात लिहिला जातो. आणि इन्स्टॉलर फक्त टॅगवरून काढायचा. लॅपटॉपवर जे उघडं असेल त्यावरून नाही!

प्रतिसाद २

माझं उलट मत. खुद्द गिटच्या दस्तऐवजात सल्ला आहे : ज्या सर्वांत जुन्या चालू ब्रँचला दुरुस्ती लागते तिथे ती करा, आणि मग तिथून नव्या ब्रँचकडे मर्ज करत (सगळे बदल मिसळत) या. चेरी-पिकमध्ये कमिटचा क्रमांक बदलतो, त्यामुळे 'ही दुरुस्ती कुठल्या ब्रँचमध्ये आहे' हे गिटला थेट विचारता येत नाही, संदेश शोधत बसावं लागतं. मर्ज केलं तर एका आदेशात कळतं. अट एवढीच की जुन्या ब्रँचवर दुरुस्तीशिवाय काही जाता कामा नये.

बाकी, जीएसटीचा दर कोडमध्ये का आहे? 'या तारखेपासून, या किमतीपर्यंत, इतके टक्के' असा डेटाबेसमध्ये तक्ता करा. २२ सप्टेंबरच्या आधीच्या बिलावर क्रेडिट नोट काढायची तर जुना दर लागतोच ना? तुमचं निम्मं दुखणं ब्रँचचं नाहीच.

धागाकर्ता

दोघांचे आभार. दराच्या तक्त्याचं वाचून कपाळावर हात मारला. ते काम सुरू केलंय.

मर्जचा प्रयोग ३.४ वरून मेनकडे करून पाहिला. मधे कुणीतरी (मीच) सगळ्या फाइलींचं फॉरमॅटिंग बदललं होतं, त्यामुळे जिथे तिथे कॉन्फ्लिक्ट (दोन बाजूंचे बदल गिटला आपोआप जुळवता येईनात). म्हणून तूर्त पहिल्या प्रतिसादाप्रमाणे मेन आधी, मग चेरी-पिक. पुढच्या व्हर्जनपासून वर मर्ज करण्याचा विचार करू. डेव्हलप ब्रँच नको यावर पुणेकरही तयार झाला, थोडा रुसून.

आता ३.२. इन्स्टॉलरच्या तारखेवरून त्याचा कमिट शोधला आणि टॅग लावला. पण दोनपैकी एका कारखान्याच्या डेटाबेसमध्ये एक कॉलम असा निघाला जो कुठल्याच कमिटमध्ये नाही. कोणीतरी तिथे बसून हातानेच टाकलेला. अशा स्थितीत ३.२ ची रिलीज ब्रँच काढून सांभाळावी, की दोघांना समजावून ३.५ वर आणावं? जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी (सिद्धेश्वराची यात्रा) उरकायचं आहे, त्यानंतर कारखानदार हाताला लागत नाहीत.