खर्च केबलचा कमी, खोदाईचाच जास्त

वर एकांनी लिहिलंय की ब्रॉडबँडसाठी चार सरकारी संस्था एकत्र आल्या की बैठका वाढतात, काम नाही. भीती समजते. पण प्रत्येकाने आपापलं केलं की काय होतं? पाणीपुरवठा खातं रस्ता खोदून बुजवतं आणि काही महिन्यांत इंटरनेटच्या फायबर केबलसाठी तोच रस्ता पुन्हा फोडला जातो. जमिनीखालून फायबर न्यायचं तर सगळ्यात मोठा खर्च या खोदाईचा. चर उघडा असतानाच त्यात रिकामा पाइप आणि आत ओढदोरी टाकून ठेवली, तर नंतर केबल नुसती ओढून घ्यायची असते. फक्त तो पाइप नेमका कुठून गेलाय याची नोंद सगळ्या खात्यांकडे हवी, नाहीतर पुढचा जेसीबी तोच तोडतो! युरोपीय संघाने २०१४ मध्ये अशा सामायिक बांधकामासाठी निर्देशच काढला.

स्टॉकहोममध्ये १९९४ पासून महापालिकेच्या मालकीची स्टोकाब ही कंपनी फायबरचं जाळं उभारते आणि ते कंपन्यांना भाड्याने देते. घरोघरी इंटरनेट विकायच्या फंदात पडत नाही. मला हीच विभागणी सगळ्यात पटते.

उलट अमेरिकेत युटा राज्यातल्या अनेक शहरांनी मिळून युटोपिया ही फायबर जाळ्याची संस्था उभारली, कर्जासाठी विक्रीकराचं उत्पन्न तारण ठेवलं आणि सुरुवातीला पुरेसे ग्राहक न मिळाल्याने तो बोजा शहरांवर पडला. म्हणून कर्जाचा वाटा कुणाचा किती, केबल तुटली तर दुरुस्तीला कोण जाणार, हे पहिल्या करारातच लिहून घ्या. बैठका त्यासाठी झाल्या तर होऊ देत.