भाषेच्या तासाला उतारे सोडवून घेणं बंद करावं का? (शिक्षकांची चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खडूफळा

तिसरी ते आठवीला आता वर्षाला राज्याच्या तीन चाचण्या होतात: पायाभूत, संकलित १ आणि संकलित २. शिवाय शिष्यवृत्ती आहेच, आणि अधूनमधून राष्ट्रीय सर्वेक्षण येतं (मागचं 'परख'चं ४ डिसेंबर २०२४ ला झालं; तिसरी, सहावी, नववी). या सगळ्यांत भाषेचा एक भाग ठरलेला असतो. उतारा वाचा, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा.

चाचणीत उतारा असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तोच प्रकार रोजच्या तासाला शिरल्याबद्दल. बाजारातली सरावपुस्तकं उघडा: शंभर शब्दांचा उतारा, चार प्रश्न, मागे उत्तरसूची, पुढचा उतारा. काल मधमाशी, आज लोकमान्य टिळक, उद्या सौरऊर्जा. पंधरा मिनिटांत एक याप्रमाणे महिन्याला वीस उतारे होतात, आणि मूल त्यातून शिकतं ती एकच युक्ती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं.

ही युक्ती किती पोकळ आहे ते बघा:

"गोमट्या झिरपाने लुंबडीत तडके पुरले."
प्रश्न: झिरपाने तडके कुठे पुरले?

लुंबडीत. बरोबर, एक गुण. झिरप कोण, तडके म्हणजे काय, कुणालाच माहीत नाही, कारण वाक्य मी आत्ता बनवलंय. विभक्तीच्या प्रत्ययांवरून उत्तर मिळालं. आपल्या वर्गांतले निम्मे 'आकलन' प्रश्न या जातीचे आहेत.

म्हणून माझा प्रस्ताव: सहावीपर्यंत भाषेच्या तासाला सरावउतारे पूर्ण बंद. तो वेळ मोठे, सलग मजकूर वाचण्याला द्यावा.

आकडेमोड

असहमत. तुमचं झिरपाचं उदाहरण झकास आहे, पण ते वाईट प्रश्नाचं उदाहरण आहे, चाचणीचं नव्हे. हा घ्या दुसरा नमुना:

"आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. अंगणात ऊन होतं, पण डोंगराकडून काळे ढग चढत होते. तिने आभाळाकडे पाहिलं, मग खाटेवर वाळत घातलेल्या पापडांकडे. 'बंड्या, धाव लवकर!' तिने हाक मारली."

आजीने बंड्याला कशासाठी हाक मारली?
(अ) तांदूळ निवडायला (ब) पापड उचलायला (क) जेवायला (ड) ढग बघायला

'पाऊस' हा शब्द उताऱ्यात कुठेही नाही, 'उचलणे' नाही. शब्द जुळवून उत्तर मिळणार नाही. आता चुकीचे पर्याय पाहा. (अ) निवडणाऱ्या मुलाने पहिलं वाक्य पकडलं आणि तिथेच थांबलं. (क) वालं मूल उतारा न वाचताच अनुभवावरून बोलतंय, आजी हाक मारते ती जेवायला. (ड) वालं शेवटपर्यंत आलं, पण ढग आणि पापड यांची सांगड त्याला घालता आली नाही. तीन चुका, तीन वेगळी दुखणी. हे तोंडी 'समजलं का रे?' विचारून कधीच कळत नाही. त्याला उत्तर एकच, एका सुरात 'होऽऽ'.

चाचण्या नव्हत्या तेव्हा वाचन उत्तम शिकवलं जात होतं असा तर तुमचा दावा नाही ना? पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही हे २००५ पासून 'असर' सर्वेक्षणाने घरोघरी जाऊन मोजलं, म्हणून चर्चेत तरी आलं.

रफार

दोघेही एक पायरी गाळून भांडताय. उतारा चुकला म्हणजे आकलन चुकलं, हे कुणी ठरवलं?

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं साधं सूत्र आहे: वाचून समजणं = अक्षरं उलगडणं × भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. कोरा पेपर दोन्ही प्रकारची मुलं देतात, आणि दोघांनाही आपण तेच औषध देतो: आणखी उतारे.

वेगळं करायची पद्धत सोपी आहे. निम्म्यापेक्षा कमी गुण मिळालेली मुलं बाजूला काढा. तोच उतारा तुम्ही एकदा, सावकाश, त्यांना एकेकट्याला वाचून दाखवा आणि तेच प्रश्न तोंडी विचारा. एका मुलामागे पाचेक मिनिटं. ऐकून उत्तरं आली तर अडचण वाचनाच्या गतीत, जोडाक्षरांत आहे. ऐकूनही आली नाहीत तर अडचण शब्दसंग्रहात, वाक्यरचनेत किंवा विषयाच्या माहितीत आहे. वर्गात तीस मुलं असली तरी अशी दहा-बारा निघतात, आठवड्यात उरकतं.

मराठीत आणखी एक मेख आहे, तिकडे फार कुणाचं लक्ष नसतं: सामान्यरूप. मुलाला 'कापूस' माहीत असतो. उताऱ्यात येतं 'कापसाच्या'. 'ऊस' माहीत, समोर 'उसाला'. माणूस–माणसांनी, विहीर–विहिरीतून, पाणी–पाण्याखाली. मूल का-प-सा-च्या असं अचूक वाचतं आणि तरी त्याच्या डोक्यात कापूस येत नाही, कारण अक्षरं फोडता फोडता शब्दाचं मूळ रूप हातचं सुटलेलं असतं. उपाय रोज पाच मिनिटांचा: उताऱ्यातले सहा-सात प्रत्यय लागलेले शब्द फळ्यावर लिहायचे, मुलांनी मूळ शब्द सांगायचा, मग उलट दिशेने. हे व्याकरणाच्या तासाला सातवीत करून उपयोग नाही, दुसरी-तिसरीत वाचनासोबत हवं.

(अवांतर: निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत साक्षरता अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द. हिंदीत 'घर के अंदर' हे तीन शब्द, मराठीत 'घरात' एक. मराठी मुलाची गती हिंदीवाल्याशी ताडताना हे ध्यानात ठेवा.)

शेवटचा बाक

खडूफळा, सराव बंद करा म्हणणं सोपं आहे. शिष्यवृत्तीचं गणित मांडतो. पेपर एकमध्ये भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. उताऱ्यावर तीन प्रश्न धरले तर २१६ सेकंद. उतारा १२० शब्दांचा आणि मुलाची गती मिनिटाला ६० शब्द असेल तर नुसतं एकदा वाचायला १२० सेकंद गेले. उरलेल्या ९६ सेकंदांत तीन प्रश्न, बारा पर्याय आणि वर्तुळं रंगवणं.

अशा पेपरला सराव न देता मूल बसवणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं. शहरातली मुलं क्लासला जाऊन 'आधी प्रश्न वाचा, मग उतारा' शिकून येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला ते शाळेने नाही शिकवलं तर कोण शिकवणार?

खडूफळा

तुमच्याच आकड्यांनी माझी बाजू मजबूत केलीत. मिनिटाला ६० ऐवजी १०० शब्द वाचणाऱ्या मुलाला तोच उतारा ७२ सेकंदांत वाचून होतो, आणि हातात ९६ ऐवजी १४४ सेकंद राहतात. ही गती 'आधी प्रश्न वाचा'ने येत नाही, खूप वाचल्याने येते. शिवाय ती युक्ती थेट माहितीच्या प्रश्नाला चालते. पापडाच्या प्रश्नाला चालत नाही, कारण शोधायचा शब्दच तिथे नाही.

पेपरची ओळख हवी हे मान्य. पण त्याला किती वेळ लागतो? वर्तुळ कसं रंगवायचं, वेळ कसा वाटायचा, पर्याय कसे गाळायचे: सहा ते आठ तासिका, परीक्षेआधीच्या महिन्यात. जूनपासून नव्हे.

सातपुडा

मेळघाटात घरची भाषा कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली किंवा पावरी, भामरागडला माडिया. रफार यांच्या सूत्रातली दुसरी बाजू, 'भाषा समजणं', इथे शाळेच्या भाषेत उभीच राहायची असते. या मुलांचा पेपर आणि पुण्यातल्या मुलाचा पेपर एकच.

भाषेसोबत माहितीचाही प्रश्न आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आता उतारा मेट्रो स्थानकाचा असेल तर कोण पुढे जाईल आणि मोहफुलं वेचण्याचा असेल तर कोण, हे सांगायला नको. तेव्हा 'आकलन कमी' असा शिक्का मारण्याआधी उतारा कशाचा होता ते विचारा.

म्हणून भाषेच्या तासाचे वीस उतारे वीस विषयांचे नकोत. एक विषय दोन-तीन आठवडे धरा. पाणी घेतलंत तर विहीर, बंधारा, टँकर, पाणीपट्टीची पावती, पावसाची बातमी, सगळं त्यावरच. 'पाझर', 'पातळी', 'उपसा' हे शब्द सहा-सात वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटले की मुलाचे होतात. सरावपुस्तकात ते एकदा भेटतात आणि जातात.

आकडेमोड

सातपुडा यांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावरून चाचणी नको असं निघत नाही. एका चाचणीत तीन-चार वेगवेगळ्या जगांतले उतारे हवेत, एवढं निघतं.

आणि एक कबूल करतो. चाचणीतून मिळणारी सगळ्यात कामाची माहिती आपण स्वतःच फेकून देतो. पेपर तपासला, गुण ऑनलाइन भरले, गठ्ठा कपाटात. 'भाषा: ११' या आकड्यात (अ) वालं मूल आणि (ड) वालं मूल एकच झालं. पर्यायी प्रश्नांपुरता साधा कागद आखा: उभे रकाने प्रश्नांचे, आडव्या ओळी मुलांच्या, चौकटीत बरोबर-चूक न लिहिता निवडलेलं अक्षर लिहा. तीस मुलं, पाच प्रश्न, दीडशे चौकटी, अर्ध्या तासाचं काम. एखाद्या रकान्यात एकच चुकीचं अक्षर ओळीने दिसलं तर चूक मुलांची नाही. आपण काहीतरी तसंच शिकवलंय किंवा प्रश्न फसवा आहे. अक्षरं विखुरलेली असतील तर मुलं अंदाजपंचे खुणा करताहेत.

कुमारभारती

वरच्या वर्गांकडे कुणी बघतच नाही. दहावीची मराठीची कृतिपत्रिका ८० गुणांची, त्यात अपठित (पुस्तकाबाहेरचं, आधी न वाचलेलं) गद्य ४ गुणांचं. बाकी गद्य-पद्याच्या 'आकलन कृती' वर्षभर शिकवलेल्या पाठांवर. पाठ दहा वेळा समजावून झालाय, गाईडमध्ये सगळ्या चौकटी नि ओघतक्ते भरून मिळतात. तिथे आकलन कुठलं मोजता? स्मरण मोजता. कृतिपत्रिका आणली ती घोकंपट्टी मोडायला. आता मुलं आकृत्या घोकतात.

तेव्हा माझं मत खडूफळांच्या उलट: अपठित वाढवा. चारचे बारा करा. परीक्षेत जे नाही ते वर्गात होत नाही, हे आवडो न आवडो, खरं आहे.

खडूफळा

बारा केलेत तर बाजारात 'अपठित उतारे: १०१ नमुने' येईल, एवढंच. पण पाठ समजावण्याबद्दल बोललात ते सोळा आणे. आपल्याकडे 'शिकवणं' म्हणजे शिक्षकाने एक वाक्य वाचायचं आणि सोप्या मराठीत परत सांगायचं. मूल कानाने अर्थ घेतं, छापलेल्या ओळीशी त्याची गाठच पडत नाही.

'बंद करून करायचं काय' याचं उत्तर द्यायला हवं, म्हणून चौथी-पाचवीसाठी एका मजकुराचा आठवडा, ३५ मिनिटांच्या पाच तासिका:

पहिल्या दिवशी तीनच शब्द आधी सांगायचे, ज्यांच्यावाचून मजकूर अडतो तेवढेच. दहा शब्दांची यादी दिली की मुलं यादी पाठ करतात. मग शिक्षकाने मोठ्याने वाचायचं आणि तीन ठिकाणी थांबून विचारायचं, 'आता काय होईल? कशावरून?' उत्तराला 'कशावरून' जोडलं नाही तर तो नुसता खेळ होतो.

दुसऱ्या दिवशी जोडीने वाचन, तोच परिच्छेद तीनदा. कच्चं मूल दुसऱ्या नंबरवर वाचेल अशी जोडी लावायची, म्हणजे आधी कानावर पडतं. तिसऱ्या दिवशी 'तो', 'तिने', 'त्यामुळे', 'मात्र' यांना पेन्सिलने गोल करून ते कशाकडे बोट दाखवतात तिथे बाण काढायचा. मराठीत कर्ता बिनधास्त गाळतात, 'गेला आणि परत आलाच नाही'. गेला कोण, हे शोधणं अर्ध्या वर्गाला जड जातं. चौथ्या दिवशी मुलांनी प्रश्न काढायचे: एक ओळीत सापडणारा, एक न सापडणारा. दुसरा पहिले दोन-तीन आठवडे जमत नाही, घाबरू नका. पाचव्या दिवशी वीस शब्दांत सारांश. वीसच. एकविसावा झाला की एक खोडायचा; काय खोडावं यावर जो वाद होतो तेच आकलनाचं काम आहे.

आकडेमोड

आठवडा आवडला, पण मूल पुढे गेलं हे कळणार कशावरून? सारांशावर? तीस सारांश तपासताना तिसऱ्यापासून सगळे सारखेच वाटतात. तीन आठवड्यांतून एकदा, दहा मिनिटं, एक नवा उतारा, चार प्रश्न, त्यातला एकच थेट माहितीचा. त्यावर गुण द्यायचे नाहीत, अक्षरांचा तक्ता भरायचा. त्यात मागे पडलेली मुलं रफार यांच्या पद्धतीने ऐकून-तोंडी तपासायची. एवढं तरी मान्य करा.

खडूफळा

गुण नसतील आणि तो आकडा केंद्रप्रमुखांच्या बैठकीत शाळाशाळांच्या यादीत लागणार नसेल, तर मान्य. यादी लागली की दुसऱ्या महिन्यापासून तोच उतारा आदल्या दिवशी फळ्यावर येतो.

शेवटचा बाक

बहुवर्ग शाळेत हे कसं बसवायचं ते कुणी सांगा. एक शिक्षक, पहिली ते चौथी, एकाच खोलीत. ऐकून-तोंडी तपासणीची पाच मिनिटं काढायची कुठून?

रफार

जोडीवाचनाच्या दिवशी. वर्ग आपापल्या जोडीत गुंतलेला असतो तेव्हा दाराशी बसून दर वेळी दोन मुलं. चौथीच्या मुलांना दुसरीवाल्यांना वाचून दाखवायला बसवा, त्या निमित्ताने चौथीचं कच्चं मूलही न लाजता सोपं पुस्तक तीनदा वाचतं. फक्त तपासणीचा उतारा त्या दिवशीच्या जोडीवाचनातला नको, नाहीतर पाठ झालेलं ऐकू येईल.